सोळा दिवस, चार माणसं आणि परदेशातला पहिला ट्रेक : डोंगर निवडायचा कसा?

निळाई

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आम्हा चौघांना एकाच वेळी सुट्टी मिळते आहे. जाणं-येणं धरून सोळा दिवस. मी, नवरा, धाकटा भाऊ आणि बाबा. बाबा ६३ वर्षांचे आहेत, रोज तासभर चालतात, उजवा गुडघा मात्र उतारावर कुरकुरतो. बाकी तिघांना सॅक-तंबू घेऊन दोन-तीन दिवस चालायची सवय आहे. पण तीन हजार मीटरच्या वर आमच्यातलं कुणीच कधी झोपलेलं नाही.

आता अडचण. भावाला किलिमांजारो हवा आहे. नवऱ्याच्या मनात आल्प्समधली टूर द्यू माँ ब्लाँ ही वाट कित्येक वर्षांपासून आहे. आणि बाबा म्हणाले, "कुठेही न्या, बर्फाची शिखरं एकदा जवळून बघायची राहिलीत." ते सहज बोलून गेले, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही.

महिनाभर फोटो बघतेय. त्यातून काही ठरत नाही, कारण फोटोत सगळंच सुंदर दिसतं. तुम्ही कशावरून ठरवता? आधी देश ठरतो, आधी शिखर, की आणखी काही?

कातळ

माझा क्रम पक्का आहे. आधी महिना, मग दिवस, मग उंची, आणि देश सगळ्यात शेवटी.

ऑक्टोबर म्हटल्याबरोबर अर्धी यादी गळते. माँ ब्लाँच्या वाटेवरची बहुतेक रेफ्यूज, म्हणजे डोंगरातली मुक्कामाची घरं, सप्टेंबरच्या उत्तरार्धात बंद होतात आणि खिंडींमध्ये नवा बर्फ पडायला लागतो. ती वाट जुलै-ऑगस्टची. पेरूत पावसाळा तोंडावर आलेला असतो. न्यूझीलंडमध्ये वसंत असतो, पण मिलफर्ड ट्रॅकचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो आणि त्याआधी तिथे हिमस्खलनाची भीती असते. किलिमांजारोला ऑक्टोबर चालतो, नोव्हेंबरमध्ये तिथला छोटा पावसाळा येतो. नेपाळमध्ये मात्र पाऊस नुकताच उघडलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, थंडी अजून सोसवेल इतकी. बाबांना शिखरंच बघायची असतील तर मला दुसरं नाव सुचत नाही.

रानवाट

कातळ यांना +१. महिना बदलता येत नसेल तर डोंगर बदला.

शेंडेफळ

मीच तो धाकटा भाऊ. ताईने माझी बाजू एका शब्दात आटोपली म्हणून लिहितोय.

किलिमांजारो ५८९५ मीटर, आफ्रिकेतलं सर्वोच्च शिखर, आणि दोर न वापरता चालत जाता येतं. खाली दाट रान, मग झुडपं, मग ओसाड दगडी पठार आणि सगळ्यात वर हिमनद्या. १९१२ पासून तिथला ऐंशी टक्क्यांहून जास्त बर्फ गेला आहे. उरलेला किती वर्षं टिकेल? बाबांना बर्फ बघायचा असेल तर जो जातो आहे तो आधी बघावा, असं मला मनापासून वाटतं. शिवाय तिथे गाईड सक्तीचा आणि सामान वाहायला पोर्टर असतात, म्हणजे बाबांच्या पाठीवर ओझं नाही.

उतरण

शेंडेफळ, तुझी ओढ मला कळते. मीही त्याच ओढीने गेले होते.

आयोजकाने पाच दिवसांची मारंगू वाट सुचवली. स्वस्त, आणि तंबूऐवजी झोपायला लाकडी खोल्या. पहिला मुक्काम मंदारा, सुमारे २७०० मीटर. दुसरा होरोम्बो, ३७००. तिसरा किबो, ४७००. हे आकडे मी निघण्याआधी वाचले होते. शेजारी-शेजारी मांडून वजाबाकी तेवढी केली नव्हती. दर रात्रीची झोप आदल्या रात्रीपेक्षा हजार मीटर वर.

किबोला पोचले तेव्हा डोकं फुटत होतं. मध्यरात्री शिखराकडे निघायचं होतं. बूट चढवायला बसले आणि नाडीची गाठ मारता येईना. बोटं हलत होती, नाड्या हातात होत्या, पण पुढे काय करतात तेच आठवेना. मी कितीतरी वेळ ती दोन टोकं धरून बसले होते. गाईडने ते पाहिलं, काही न बोलता खाली बसून माझे बूट बांधले, माझी सॅक स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि आम्ही खालच्या दिशेने चालू लागलो. होरोम्बो येईपर्यंत डोकं बरंच निवळलं होतं. त्या माणसाने त्या क्षणी शिखराचा विचार केला असता तर काय झालं असतं, हे मी आजही मनात आणू शकत नाही.

तुला जायचंच असेल तर लेमोशोसारखी सात-आठ दिवसांची वाट धर. पण उंचीवरच्या पहिल्याच अनुभवाला, तेही बाबांना घेऊन, नको.

रानवाट

नाडीचं वाचून अंगावर काटा आला.

स्टेथो

पेशाने डॉक्टर, आणि बारा-तेरा वर्षं उंचावर जातोय, म्हणून थोडं सविस्तर.

उतरण यांच्या बाबतीत घडलं ते मेंदूला सूज येऊ लागल्याचं लक्षण असू शकतं. अशा माणसाला एका रेषेत, टाचेला बोट लावून चालायला सांगा. तोल जात असेल तर लगेच खाली न्यायचं, रात्र असली तरी. बसल्या जागी दम लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर पाणी फुप्फुसात जमतंय असं समजा. उपाय तोच, खाली उतरणं.

हे टाळायचं कसं? तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजची झोप कालच्या झोपेपेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर नको. दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची. दिवसा वर जाऊन रात्री खाली येणं चालतं, चांगलंच असतं. आणि उंचावर डोकं दुखायला लागलं की दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच दुखतंय असं धरायचं.

एक गैरसमज कृपया काढून टाका. तंदुरुस्त माणसाला त्रास होत नाही, हे खरं नाही. उलट दमदार तरुण भराभर वर जातात आणि तेच आजारी पडतात. ६३ वय हे एकट्याने अडसर नाही, पण हृदय, रक्तदाब आणि फुप्फुसं तपासल्याशिवाय निघू नका. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्यांबद्दल बाबांच्या डॉक्टरांनाच विचारा, कारण ती सगळ्यांना चालत नाही. ती गोळी शरीराला सरावायला मदत करते. घाईची भरपाई ती करत नाही.

शेंडेफळ

उतरण ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वजाबाकी मीही केली नव्हती. आता एव्हरेस्ट बेस कॅम्पचा विचार करतोय, तिथे तर लोक दोन आठवडे घेतात ना?

अनवाणी

घेतात, म्हणूनच तुमच्या सोळा दिवसांत ते बसत नाही.

सोळा दिवसांची सुट्टी म्हणजे सोळा दिवसांचं चालणं नव्हे. दोन्हीकडचा प्रवास आणि परवान्यांची कामं यांत चार दिवस गेलेच. उरले बारा. त्यातला निदान एक हाताशी राखून ठेवायचा, न वापरता परत आणायचा म्हणून. म्हणजे अकरा. विमान उतरतं ते लुक्ला २८६० मीटरवर, नामचे बाजार ३४४०, बेस कॅम्प ५३६४. सरावाचे दोन मुक्काम धरून जाऊन-येऊन बारा दिवस तरी लागतात. त्यात लुक्लाची विमानं ढग आले की उडत नाहीत, आणि गर्दीच्या हंगामात बरीचशी काठमांडूऐवजी मंथलीहून सुटतात, तिथवर रात्री निघून चार-पाच तास गाडीने जावं लागतं. आम्ही परतीच्या वाटेवर लुक्लात तीन दिवस अडकलो होतो. रोज पहाटे सामान बांधायचं, दुपारी सोडायचं. पुढचं विमान चुकलंच.

ज्या वाटेच्या तोंडाशी रस्त्याने पोचता येतं ती वाट कमी दिवसांच्या सुट्टीला बरी.

पिंपळपान

मला एक वेगळंच म्हणायचं आहे. सगळे उंचीच्याच मागे का आहात? परदेशातला पहिला ट्रेक आहे, सोबत वडील आहेत. जपानमधला कुमानो कोदो बघा. नाकाहेची वाटेवर ताकिजिरीपासून होंगू देवस्थानापर्यंत साधारण ३८ किलोमीटर, दोन-तीन दिवसांत आरामात होतं. शेकडो वर्षं यात्रेकरू चाललेली वाट. देवदारांसारखी उंचच उंच झाडं, शेवाळलेले दगड, जागोजागी छोटी देवस्थानं. २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ऑक्टोबरची हवा उत्तम. संध्याकाळी युनोमिनेच्या गरम झऱ्यात पाय बुडवून बसलं की दुखरा गुडघाही हसतो. सामान पुढच्या मुक्कामावर पोचवण्याची सोय आहे. डोकं दुखणार नाही, झोप उडणार नाही.

कातळ

पिंपळपान, वाट सुंदरच आहे, मी चाललोय. पण तिथून हिमशिखर दिसत नाही. बाबांनी मागितलेली एकमेव गोष्ट यादीतून वगळून बाकी सोयी बघायच्या, हे मला पटत नाही.

पिंपळपान

मान्य. तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

सांजवारा

नवऱ्याच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी. यंदा नाही जमलं तरी ती वाट यादीतून काढू नका. माँ ब्लाँच्या भोवतीने सुमारे १७० किलोमीटर, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड. सगळ्यात उंच खिंड २६६५ मीटरची, म्हणजे उंचीचा त्रास जवळपास नाहीच. खरी परीक्षा चढ-उताराची, पूर्ण फेरीत दहा हजार मीटरच्या आसपास चढ आणि तितकाच उतार. पण कित्येक टप्प्यांच्या शेवटी दरीत गाव आणि बस असते. गुडघा बोलायला लागला तर तो टप्पा बसने जायचं, संध्याकाळी सगळे पुन्हा एकत्र. ही सोय हिमालयात नाही.

रेफ्यूजमधल्या संध्याकाळी मला फार आवडतात. दारातच बुटांची मांडणी, तिथे बूट काढून ठेवायचे आणि आतल्या चपला घालायच्या. दोरीवर वीस-पंचवीस ओले मोजे. ठरलेल्या वेळी जेवण, लांब टेबलावर अनोळखी माणसांशेजारी. आपली पातळ झोपायची पिशवी न्यावी लागते, अंथरूण-पांघरूण तिथलं असतं. माझ्या शेजारी एक आजी होत्या, नव्या गुडघ्यासह चालत होत्या. रोज सगळ्यात आधी निघायच्या आणि सगळ्यात शेवटी पोचायच्या. जागा मात्र काही महिने आधी राखाव्या लागतात.

अवांतर, पण उपयोगी: किलोमीटर बघून दिवस आखू नका. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर लिहितच नाहीत, वेळ लिहितात. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब दिला होता. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १५ किलोमीटर आणि १२०० मीटर चढ असेल तर पाच तास, विश्रांती सोडून. बाबा सोबत असतील तर त्यावर निम्मा वेळ आणखी धरा.

रानवाट

नेपाळच ठरत असेल तर घोरेपानी-पून हिल? वरची जागा ३२१० मीटर, चार-पाच दिवस, समोर अन्नपूर्णा आणि धौलागिरी. उंचीचा प्रश्नच मिटला.

अनवाणी

उंचीचा मिटला, गुडघ्याचा उभा राहिला. त्या वाटेवर उल्लेरीच्या हजारो दगडी पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो एवढंच, उतरताना प्रत्येक पायरीला गुडघा दणका खातो.

पायपीट

हा धागा दोन दिवस वाचतोय आणि रोज मनात एकच नाव येतंय. लांगटांग.

काठमांडूहून गाडीने स्याब्रुबेसी, रस्ता खराब आहे, सात-आठ तास धरा. तिथून नदीच्या काठाने वर. विमानाची भानगड नाही. चालणं सात-आठ दिवसांचं, म्हणजे तुमच्या अकरा दिवसांत सरावाचे आणि राखीव दिवस धरूनही बसतं. शेवटचा मुक्काम क्यांजिन गोम्पा, ३८७० मीटर, आणि तिथे लांगटांग लिरुंग, सात हजार दोनशे मीटरच्या वरचं शिखर, अगदी डोक्यावर. बाबांना खोलीच्या दारात उभं राहून हिमनदी दिसेल. गावात याकच्या दुधाचं चीज करणारा छोटा कारखाना आहे, १९५० च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेला.

एक चूक मात्र करू नका. छापील आखणीत दुसऱ्या दिवशी लामा हॉटेल नावाच्या वस्तीहून थेट लांगटांग गावात जायचं असतं. लामा हॉटेल २५०० मीटरच्याही खाली, लांगटांग ३४३०. पुन्हा ती उतरण यांची वजाबाकी! मध्ये घोडा तबेला इथे, तीन हजारांच्या आसपास, एक रात्र काढा. गाईड म्हणेल, गरज नाही. तरी काढा.

आणि त्या वाटेवर एक जागा आहे, तिथे थांबा. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून बर्फ आणि दगड एकदम कोसळले आणि जुनं लांगटांग गाव त्याखाली गेलं. आज तिथे दगडगोट्यांचं नुसतं मैदान आहे. त्यावरून पायवाट जाते. कडेला स्मारक आहे, गेलेल्यांची नावं कोरलेली. आमचा गाईड तिथे पोचल्यावर टोपी काढून एका नावावरून बोट फिरवत उभा राहिला. आम्ही काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, चला. त्या गावातल्या लोकांनी पुन्हा घरं बांधली आहेत, तुमचा मुक्काम त्यांच्याकडेच असेल.

दगडफूल

लांगटांगला माझंही मत. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळमधल्या बहुतेक ट्रेकिंग वाटांवर परदेशी लोकांना गाईड सक्तीचा केला आहे, ते धरूनच खर्च काढा. आणि पोर्टर घेणार असाल तर पैसे देण्याआधी विचारा: त्याचे बूट कसे आहेत? अंगावर जाड कोट आहे का? तो झोपतो कुठे? आजारी पडला तर त्याचा विमा आहे का? किलिमांजारोवर पोर्टरच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे, आणि पोर्टर्सना नीट वागवतात का यावर लक्ष ठेवणारी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्थाही आहे. प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक वाढले की आयोजक सुधारतात. चौघांत दोन पोर्टर घ्या, बॅगा हलक्या भरा.

कोरा_कागद

विम्याबद्दल कुणी लिहिलं नाही. प्रवास विमा घेतला म्हणजे झालं, असं मीही समजत होतो. बहीण ४२०० मीटरवर आजारी पडली, हेलिकॉप्टर मागवलं, आणि नंतर कळलं की आमच्या विम्याची हद्द ३००० मीटरला संपत होती. ते वाक्य कागदात होतंच, अठराव्या पानावर. सगळे पैसे खिशातून गेले. तिचा जीव वाचला, पैशांचं दुःख नाही, पण कर्ज फेडायला दोन वर्षं लागली. तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: किती मीटरपर्यंत, हेलिकॉप्टर धरून का, आणि ते मागवण्याआधी कुणाला फोन करावा लागतो.

निळाई

सगळ्यांचे आभार कसे मानू? काल रात्री हा अख्खा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. नाडीच्या गोष्टीला ते गप्प झाले. लांगटांगच्या स्मारकापाशी म्हणाले, "इथे जाऊ."

म्हणजे ठरलं. घोडा तबेल्याची रात्र आखणीत घातली आहे. किलिमांजारो भावाचा, पुढे कधीतरी, आठ दिवसांच्या वाटेने. माँ ब्लाँ पुढच्या जुलैत. बाबांचा एकच प्रश्न आहे: उतार परतीलाही तोच का, आणि गुडघ्यासाठी आत्तापासून काय करू?

पायपीट

हो, त्याच वाटेने परत. लामा हॉटेलच्या खालचा भाग सगळ्यात त्रासाचा, दगडी आणि ओलसर. दोन काठ्या हव्यातच, आणि उतारावर त्या थोड्या लांब करून घ्यायच्या.

स्टेथो

बाबांना आजपासून जिने उतरायला लावा. चढायला नाही, उतरायला. आठवड्यातून तीनदा, सावकाश, पुढे पाठीवर चार-पाच किलो घेऊन. दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं तर कमी करा आणि गुडघा दाखवून घ्या. नवे बूट घेणार असाल तर आत्ताच घ्या. आणि जाताना बूट पायातच ठेवा. सामान हरवलं तर बाकी सगळं विकत मिळतं, रुळलेले बूट मिळत नाहीत.

निळाई

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. परवा परतलो.

डोकं माझंच दुखलं. घोडा तबेल्याला, संध्याकाळपासून. सगळी आखणी मी केलेली, औषधांची पिशवी माझ्याकडे, आणि मीच भिंतीला टेकून बसलेले. भावाने काही न विचारता मला टाच-बोट रेषेत चालायला लावलं. नीट चालले. तरी दुसऱ्या दिवशी वर गेलो नाही, राखीव दिवस तिथेच खर्च केला. तिसऱ्या सकाळी डोकं हलकं होतं.

स्मारकापाशी बाबा बराच वेळ होते. नावं एकेक वाचत होते, ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचली.

क्यांजिनला पोचलो तेव्हा ढग होते, काहीच दिसेना. पहाटे सहाच्या सुमारास बाबांनी दार वाजवलं. अंगात सगळे कपडे, डोक्यावर माझी लोकरीची टोपी. बाहेर लिरुंगवर नुकतं ऊन पडलेलं. मी फोन काढला, तर म्हणाले, "राहू दे, आधी बघ." भाऊ आणि नवरा गावावरच्या क्यांजिन री या शिखरावर जाऊन आले. मी आणि बाबा गेलो नाही, दिवसभर हिमनदीच्या बाजूला बसून होतो. मधूनच वर काहीतरी तुटल्याचा आवाज यायचा आणि दोघंही तिकडे बघायचो.

गुडघा लामा हॉटेलच्या खाली दुखलाच. दोन काठ्या आणि दर अर्ध्या तासाला थांबणं, यावर निभावलं.

सांजवारा, जुलैसाठी जागा राखायला घेतल्या आहेत. बाबा विचारतायत, ते बसने जायचे टप्पे नेमके कोणते?